साखरेवर रचलेला बर्फ

आमच्या हिंगोलीत बर्फ म्हणजे एकतर गोळेवाल्याच्या गाडीवरचा, नाहीतर गारपिटीत अंगणात पडलेला. त्यामुळे ऑफिसच्या ग्रुपने यंदा गुलमर्गला स्कीइंगचा कोर्स करायचं काढलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. आईने मात्र फोनवर विचारलं, "तिकडंच ना रे, अकोल्याची पोरं गेली ती?"

तिला आठवत होतं ते गुरेझ. जानेवारी २०१७ मध्ये तिथे हिमस्खलनात बरेच जवान गेले, त्यात अकोला जिल्ह्यातले दोघं होते. गुरेझ गुलमर्गच्या उत्तरेला, बरंच लांब. पण आईचा प्रश्न डोक्यातून जाईना, मग शनिवार-रविवार वाचत बसलो.

गुलमर्गला १९२७ साली ब्रिटिश अधिकाऱ्यांनी स्की क्लब काढला. १९४८ च्या डिसेंबरात आपल्या लष्कराने तिथे स्की स्कूल सुरू केलं, त्याचंच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झालं. म्हणजे बर्फातलं देशात सगळ्यात जास्त कळणारी माणसं इथली. आणि ८ फेब्रुवारी २०१० ला जवळच्याच खिलनमर्गला याच स्कूलचे १७ जवान बर्फाखाली गेले. हे वाचून मी जरा थांबलोच.

तर भानगड अशी आहे की धोका वरच्या बर्फात नसतोच, तो खाली गाडलेला असतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडासा बर्फ पडतो, मग आठवडाभर स्वच्छ आकाश आणि कडाक्याची थंडी. जमीन त्या मानाने उबदार, वरचा पृष्ठभाग गारठलेला. या फरकामुळे आतल्या कणांची जाडसर, सुटी साखर होते. तिच्यावर पुढचा बर्फ पडतो, वारा आणखी आणून टाकतो, आणि घट्ट लादी बसते. दिसायला एकदम मजबूत. उतार ३० ते ४५ अंशांचा असला की एका माणसाचं वजनही पुरतं. खालची साखर ढासळते आणि अख्खी लादी सुटते. (जुन्या कोडमधला बग, दुसरं काय!)

हे कळायला बरीच माणसं गेली. १३ डिसेंबर १९१६ ला मार्मोलाडा डोंगराखाली ऑस्ट्रियन सैन्याच्या बराकी गाडल्या गेल्या, शेकडो मेले. स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसच्या वर १९३६ पासून शास्त्रज्ञ बर्फात खड्डे खणून थर मोजायला लागले. आपल्याकडे मनालीची संशोधन संस्था १९६९ ची, तीही लष्कराच्या गरजेतून. २०२० पासून ती डीआरडीओच्या एका मोठ्या संस्थेचा भाग आहे.

जवानाला हुकूम असतो, जावंच लागतं. हौशी स्कीवाल्यांचं तसं नाही. त्यांच्या जीवघेण्या अपघातांत लादी बहुतेक वेळा त्यांनी स्वतः किंवा सोबत्यानेच सोडवलेली असते. २००५ मध्ये गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटवर गेला आणि उभे उतार तिकीट काढून मिळायला लागले. १ फेब्रुवारी २०२३ ला तिथे दोन पोलिश स्कीअर गेले. गाडलेल्या माणसाच्या हातात पहिली दहा-पंधरा मिनिटंच असतात, म्हणजे काढायचं तर सोबत्यांनीच. त्यासाठी प्रत्येकाकडे सिग्नल देणारा बीकन, शोधायची लांब काठी आणि फावडं हवं.

कोर्स गुलमर्गच्या सपाटीलगतच्या मंद उतारांवर असतो, तिथे ही भीती फारशी नाही. पण आमच्या टीम लीडला शेवटच्या दिवशी वर जायचंच आहे. मी त्याला मेल टाकून विचारलंय, आपल्यात फावडं कोणाकडे आहे? अजून उत्तर नाही.