गळकी भिंत आणि दगडी राक्षस

मागच्या पावसाळ्यात आमच्या बेडरूमच्या भिंतीला ओल आली. प्लंबर गच्चीवर जाऊन आला आणि एका वाक्यात निकाल दिला, "साहेब, पाइप तुटलाय, पाणी भिंतीवरूनच उतरतंय." रंगाचे पोपडे बघत बसलो आणि आठवलं काय, तर पॅरिसचं नोत्र-दाम! (हसू नका, संबंध आहे.)

गार्गॉयल म्हणजे मुळात पन्हळच. छपराचं पाणी भिंतीपासून लांब टाकायचं, नाहीतर दगडांमधला चुना धुपतो. म्हणून गवंड्यांनी लांब दगड बाहेर काढला, वरून खाच पाडली आणि टोकाला कोरलं जबडा वासलेलं जनावर. आपल्या देवळांतलं मकरमुख आठवा. फ्रेंच शब्द 'गार्गुय', त्याचं मूळ घशाशी. गुळण्यांचा आवाज येतो की नाही त्यात?

याच नावाचा एक ड्रॅगन सातव्या शतकात म्हणे रुआँ शहराजवळ, सेन नदीकाठी धुमाकूळ घालत होता. बिशप संत रोमँ त्याच्यावर चालून निघाले, तेव्हा सोबत यायला तयार कोण? फक्त एक फाशीचा कैदी! ड्रॅगन पकडला, जाळला. पण सतत आग ओकणारं डोकं जळणार कसं? मग ते भिंतीवर टांगलं.

गोष्ट बरीच मागाहून रचलेली, हे उघड आहे. पण रुआँच्या चर्चला दरवर्षी एक कैदी सोडायचा हक्क खरोखरच होता, आणि तो फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत टिकला. चर्च त्यासाठी याच गोष्टीचा दाखला देई. म्हणजे खोट्या ड्रॅगनमुळे खरी माणसं फासावरून वाचली. मला तरी हे ड्रॅगनपेक्षा भारी वाटतं.

आता माझी फजिती. गालांवर हात ठेवून, जीभ काढून पॅरिसकडे बघणारा तो शिंगवाला राक्षस बरीच वर्षं माझ्या डेस्कटॉपवर होता, 'मध्ययुगीन' म्हणून. तो गार्गॉयल नाहीच, त्याच्या तोंडातून थेंबभर पाणी येत नाही! १८४४ मध्ये व्हिओले-ल-द्यूक आणि लास्यू यांच्याकडे नोत्र-दामच्या दुरुस्तीचं काम आलं, त्यात ही मंडळी नव्याने बसवली गेली. म्हणजे आपल्या रेल्वेच्या पिढीतलीच. थोडा राग आला, पण १५ एप्रिल २०१९ च्या आगीत छप्पर जळताना मनोरे वाचले, तेव्हा हा बेटा वाचल्याचाच आनंद झाला.

असो. नवीन पाइप बसला. टोकाला राक्षसाचं तोंड लावता येईल का, असं मी प्लंबरला विचारलं.

"पीव्हीसीत नाही मिळत, साहेब."