राणीचा धर्म आणि प्रजेचे मन

१९ जुलै १५५३ च्या सायंकाळी लंडन शहर आनंदाने वेडे झाले होते. चीपसाइडच्या भर बाजारात मेरी ट्यूडर हिच्या नावाची द्वाही फिरली मात्र, लोकांनी टोप्या हवेत उडविल्या, खिडक्याखिडक्यांतून नाणी उधळली, चर्चच्या घंटा रात्रभर घणघणत राहिल्या आणि रस्तोरस्ती शेकोट्या पेटवून त्यांच्याभोवती मेजवान्या झडल्या. नऊच दिवसांपूर्वी याच शहरात लेडी जेन ग्रे हिच्या नावाची द्वाही फिरली होती. तेव्हा हेच लोक मुकाट उभे होते.

पुढे सव्वापाच वर्षांनी, १७ नोव्हेंबर १५५८ रोजी, राणी मेरी वारली. त्या दिवशीही लंडनमध्ये घंटा वाजल्या, शेकोट्या पेटल्या, रस्त्यांत मेजे मांडली गेली. पण हा सोहळा मेरीच्या सावत्र बहिणीच्या, एलिझाबेथच्या, राज्यारोहणाचा होता. या दोन शेकोट्यांच्या दरम्यान असे काय घडले, की ज्या राणीसाठी लोक नाचले तिच्या मृत्यूच्या दिवशीही त्यांना नाचावेसे वाटले?

शाळेतल्या इतिहासाने याचे सोपे उत्तर देऊन ठेवले आहे. राणी कट्टर रोमन कॅथॉलिक, प्रजा प्रॉटेस्टंट. राणीने जुना धर्म लादला आणि प्रजा तिच्यावर रुष्ट झाली. उत्तर सुटसुटीत आहे. परंतु पुरते खरे नाही.

मेरी गादीवर आली तेव्हा इंग्लंडमधल्या चाळिशीच्या शेतकऱ्याने काय काय पाहिले होते ते ध्यानात घ्यावे. त्याच्या तारुण्यात पोप हा साऱ्या ख्रिस्ती जगाचा गुरू होता. १५३४ मध्ये राजा आठवा हेन्री याने पोपशी संबंध तोडून स्वतःलाच धर्माचा प्रमुख म्हणवून घेतले. मठ बुडाले, त्यांच्या जमिनी विकल्या गेल्या, तरी लॅटिन मिस्सा मात्र चालू राहिली. १५४७ मध्ये नऊ वर्षांचा एडवर्ड राजा झाला आणि त्याच्या कारभाऱ्यांनी मिस्सेलाही हात घातला. मूर्ती उतरविल्या, भिंतींवरच्या चित्रांवर चुना फासला, दगडी वेद्या फोडून लाकडी मेजे ठेवली. १५४९ मध्ये इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचे झाले, आणि राज्याच्या अखेरीस चर्चमधली सोन्याचांदीची भांडीसुद्धा सरकारजमा होऊ लागली. एकाच माणसाच्या डोळ्यांदेखत देवाचे घर इतक्या वेळा पालटले होते.

डेव्हनशायरमध्ये मोरबाथ नावाचे जेमतेम तीसपस्तीस कुटुंबांचे एक खेडे आहे. तेथला पाद्री ख्रिस्तोफर ट्रिके हा १५२० पासून १५७४ पर्यंत त्याच गावी होता आणि गावच्या चर्चचा जमाखर्च इमानाने लिहीत होता. ते हिशेब आजही उपलब्ध आहेत. एडवर्डच्या अमदानीत गावाने हुकूम पाळला. पण चर्चमधून काढलेल्या कित्येक वस्तू घरोघर जपून ठेवल्या. मेरीचे राज्य येताच एकेक जण त्या घेऊन आला: कोणी मूर्ती, कोणी कोरीव लाकडाचा तुकडा, कोणी पोथी. हुकमाने सारे परत आणणे शक्य होते का? ज्यांनी धोका पत्करून या गोष्टी कोनाड्यात दडविल्या होत्या, त्यांना जुना धर्म परका नव्हता. अशी गावे थोडी नव्हती. नव्या वेद्या, क्रूस, मेणबत्त्या, जरीची वस्त्रे यांचा खर्च अंगावर येऊनही पुष्कळ गावांनी तो सोसला. कायदा होण्याआधीच, १५५३ च्या ऑगस्टमध्ये, खुद्द लंडनमध्येही एकदोन चर्चमधून लॅटिन मिस्सा सुरू झाल्या होत्या.

अर्थात लंडन म्हणजे मोरबाथ नव्हे. नव्या मताची मुळे तेथे खोल गेली होती, विशेषतः तरुणांत आणि कारागिरांत. १३ ऑगस्ट १५५३ रोजी सेंट पॉलच्या प्रांगणात राणीच्या पक्षाचा गिल्बर्ट बोर्न प्रवचन करू लागला, तेव्हा जमाव खवळला आणि कोणीतरी त्याच्या रोखाने खंजीर फेकला. बोर्नला त्या गर्दीतून सुखरूप बाहेर काढले ते जॉन ब्रॅडफर्ड आणि जॉन रॉजर्स या दोन प्रॉटेस्टंट उपदेशकांनी! रॉजर्सचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. पाचच दिवसांनी राणीने जाहीरनामा काढला, की सर्वसंमतीने कायदा होईपर्यंत कोणावर सक्ती करण्याचा आपला विचार नाही. आणि लोकांनी एकमेकांना ‘पोपवाले’ वा ‘पाखंडी’ म्हणून हिणवू नये.

पुढच्या वसंत ऋतूत चीपसाइडच्या फाशीच्या खांबावर एक मेलेली मांजर लटकताना लोकांनी पाहिली. तिला पाद्र्याचा पोशाख चढविला होता आणि पंजांत मिस्सेतल्या पवित्र भाकरीसारखा गोल कागद अडकविला होता. त्याच सुमारास एका घराच्या भिंतीतून आवाज येऊ लागला. ‘राणीचे कल्याण असो’ म्हटले की भिंत गप्प. एलिझाबेथचे नाव काढले की ‘तथास्तु’! हजारो लोक ऐकायला लोटले. चौकशीत आढळले, की भिंतीआड एलिझाबेथ क्रॉफ्ट्स नावाची एक पोर होती.

तरीसुद्धा हे शहर राणीच्या विरुद्ध उठले नाही. १५५४ च्या आरंभी, मेरी स्पेनच्या फिलिपशी लग्न करणार म्हणून, टॉमस वायट केंटमधून सैन्य घेऊन चालून आला. राणी स्वतः गिल्डहॉलमध्ये गेली, नागरिकांपुढे उभी राहिली, आणि नागरिकांनी वेशी लावून घेतल्या. तिच्या मिस्सेची टर उडविणाऱ्या लंडनने तिची गादी मात्र राखली.

सरदार आणि जमीनदार यांची तऱ्हा आणखी निराळी. ३० नोव्हेंबर १५५४ रोजी पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांनी गुडघे टेकून कार्डिनल पोल याच्या हातून पोपची क्षमा स्वीकारली. परंतु मठांच्या जमिनी ज्याच्या त्याच्याकडेच राहतील, ही हमी पदरात पडली तेव्हाच हे गुडघे टेकले होते. आत्मा रोमला परत गेला. सातबारा मात्र घरीच राहिला!

येथपर्यंत राणीचे पुष्कळसे साधले होते. यानंतर पाखंड्यांना जाळण्याचे जुने कायदे पुन्हा अमलात आले. ४ फेब्रुवारी १५५५ रोजी स्मिथफील्डच्या मैदानात पहिला माणूस जिवंत जाळला गेला, तो जॉन रॉजर्स. दीड वर्षापूर्वी बोर्नचे प्राण वाचविणारा. मरण्यापूर्वी बायकोशी दोन शब्द बोलू द्या, एवढीच त्याची विनंती होती. पाद्र्याला बायको असूच शकत नाही, या न्यायाने ती नाकारली गेली. अखेर ती वाटेतच उभी राहिली, मुलांना घेऊन, एक तान्हे छातीशी धरून. त्या दिवशी लोकांनी रॉजर्सला असा धीर दिला, की जणू त्याला लग्नालाच नेत आहेत, असे फ्रान्सच्या वकिलाने लिहून ठेवले आहे. सम्राटाच्या वकिलाने फिलिपला कळविले, की कित्येक रडत होते, आणि काहींनी राख व हाडे गोळा करून नेली.

पावणेचार वर्षांत सुमारे २८० माणसे अशी जाळली गेली. त्यांत ५० हून अधिक स्त्रिया होत्या. क्रॅन्मर, लॅटिमर, रिडली हे बिशप सर्वांना ठाऊक आहेत; पण बहुतेक जण विणकर, मजूर, विधवा असे साधे लोक होते. डर्बीची जोन वेस्ट ही बावीस वर्षांची जन्मांध मुलगी. मोजे विणून तिने पैसे साठविले, नवा करार विकत घेतला, आणि वाचता येणाऱ्यांना पैसे देऊन ती तो वाचवून घेई. १५५६ मध्ये तिलाही जाळले. अशी पोर राज्य उलथवील, हे कोणाला पटणार?

हे अग्नी मुख्यतः लंडन, एसेक्स, केंट, ससेक्स या भागांत पेटले; उत्तरेत जवळजवळ नाहीतच. ज्यांनी ते पाहिले ते सारे प्रॉटेस्टंट नव्हते. पण जळणारा मनुष्य ओळखीचा होता: शेजारचा विणकर, पलीकडच्या गल्लीतली म्हातारी. लोक हळहळत, धीर देत. इतके, की अशा वेळी नोकरांना व उमेदवारांना घराबाहेर पडू देऊ नये, असे हुकूम लंडनच्या मेयरला सोडावे लागले. त्यातच पिके बुडाली, तापाची साथ आली, आणि १५५८ च्या जानेवारीत कॅले हे फ्रान्समधले शेवटचे ठाणेही गेले.

मेरी स्वभावाने दुष्ट नव्हती. आईची विटंबना आणि स्वतःची उपेक्षा सोसून तिने आपला धर्म जतन केला होता. १५५३ च्या शेकोट्या पाहून तिला वाटले, की प्रजेने आपला धर्मच मागून घेतला आहे. प्रजेने मागितला होता हेन्रीचा खरा वारस, आणि बहुतेकांना हवी होती जुनी घंटा, जुनी वेदी, जुना सण. शेजाऱ्याला जाळण्याची संमती त्या शेकोट्यांत नव्हती.

१५६३ मध्ये जॉन फॉक्सचा हुतात्म्यांचा ग्रंथ इंग्रजीत निघाला आणि पिढ्यान् पिढ्या घरोघर वाचला गेला. मोरबाथने आनंदाने परत आणलेल्या मूर्ती लोक विसरले. स्मिथफील्डचा धूर तेवढा आठवणीत राहिला. इमन डफीसारख्या इतिहासकारांनी अलीकडे त्या विस्मृत मूर्ती पुन्हा उजेडात आणल्या आहेत.

एलिझाबेथचा कायदा आला तेव्हा मोरबाथची वेदी पुन्हा उतरली. ट्रिके पाद्री तेथेच होता. त्याने नव्या पुस्तकातून इंग्रजी प्रार्थना म्हटल्या, आणि त्याच हाताने त्याच वहीत पुढचा जमाखर्च लिहिला. त्या रात्री त्याच्या मनात काय होते, ते विचारायला एकही सरकारी अंमलदार गेला नाही. मोरबाथच्या लोकांना त्या एका गोष्टीचे तरी समाधान वाटले असावे.