काळी, पांढरी आणि निळी

अकोल्यातल्या नाहीतर अमरावतीतल्या रंगाच्या दुकानात शेड कार्ड उघडलं की हजाराच्या वर छटा समोर येतात. हॉलला कोणती, बेडरूमला कोणती, यावर घरात आठवडाभर खल चालतो. दीडशे वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या साध्या घरात हा प्रश्न नव्हताच. भिंतीचा रंग निवडत नसत. तो पायाखालून येई.

इथल्या बोलीत गावच्या जमिनीचे दोनच रंग. शेत म्हणजे 'काळी', वस्ती म्हणजे 'पांढरी'. काळी कापसाची. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत हात जावा. तिच्या भिंती टिकत नाहीत. म्हणून भिंत उभी राही ती पांढरीच्या मातीची. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या घरांची, राखेची, चुनखडीची ती भुरकट माती. सण आला की बाया तीच माती पाण्यात कालवून चिंधीनं भिंतीवर फिरवत. जमिनीला शेण, भिंतीला पांढरी. झालं रंगकाम.

ज्याला परवडे त्याच्याकडे चुना. चुनखडी भट्टीत भाजायची, कळीचा चुना पाण्यात विरवायचा, त्यात डिंक किंवा सरस घालायचा आणि कुंच्यानं हात मारायचा. भिंतीवर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि पुन्हा दगड होतो. ओली भिंत त्यातून श्वास घेते, किडे-बुरशीला तो सोसत नाही. १८९६-९७ च्या प्लेगात मुंबई-पुण्याकडे घरं चुन्यानं रंगवून काढली, ती याच भरवशावर. वऱ्हाडात त्याचा आणखी एक उपयोग होता. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की खिडक्या दिवसभर बंद. तेव्हा फटीतून आलेला थोडासा उजेड पांढरी भिंतच खोलीभर पसरवायची.

पण चुना हळूहळू पिवळा पडतो. त्यावर उपाय धुण्याच्या कपड्यांचाच: चिमूटभर नीळ. १८६७ मध्ये भुसावळ-नागपूर रेल्वे पूर्ण झाली. वऱ्हाडचा कापूस मुंबईला जाऊ लागला आणि परतीच्या डब्यांतून बाजारचा माल येऊ लागला. निळीची पुडीही पुढे अशीच गावोगावच्या दुकानांत पोचली. चिमटीऐवजी मूठ घातली की पांढरी भिंत आकाशी व्हायची. अनेक घरांच्या स्वयंपाकघराचा पहिला खराखुरा 'रंग' हाच.

या निळ्याची गोष्ट मात्र रेल्वेपेक्षा पुष्कळ जुनी आहे, आणि तिचं एक टोक वऱ्हाडातच आहे. पाचव्या शतकात हरिषेण हा वाकाटक राजा वत्सगुल्मातून, म्हणजे आजच्या वाशीममधून राज्य करत होता. वाशीम १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होतं. त्याचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं. अजिंठ्याच्या चित्रांतला निळा लाजवर्द दगडाचा आहे, आणि तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानकडून यायचा. इतका दूरचा, इतका महाग रंग राजाश्रयाच्या भिंतीवरच शोभणार. पुढे १८२८ मध्ये फ्रान्समधल्या गिमे नावाच्या रसायनतज्ज्ञाला तोच निळा कारखान्यात बनवण्याबद्दल बक्षीस मिळालं. साहित्य काय, तर माती, सोडा, गंधक आणि कोळसा. राजाचा निळा पुडीत आला.

आणि तो गावकुसाबाहेरही गेला. जिथं पक्कं, नीटनेटकं घर बांधणंही गावाच्या डोळ्यांत खुपायचं, तिथं भिंत निळी करायला आता स्वस्तातली पुडी पुरत होती. जुलै १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झालं. त्याचं निशाण निळं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथंच धम्मदीक्षा झाली. त्यानंतर अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांमध्ये विहाराची, घराची निळी भिंत ही नुसती चुन्यातली नीळ राहिली नाही. गावातल्या स्वयंपाकघरात आणि वस्तीतल्या विहारात पुडी एकच होती, पण एका भिंतीवर ती स्वच्छता सांगत होती आणि दुसरीवर मान.

१९४२ सालीच मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. मोठ्या शहरांतले व्यापारी दाद देईनात, म्हणून कंपनी लहान गावांकडे वळली. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी डबा-ब्रश घेतलेला गट्टू काढला. चुन्याची जागा डिस्टेंपरनं घेतली, डिस्टेंपरची प्लास्टिक पेंटनं. पिस्ता, क्रीम, गुलाबी असं काही हवं असणं हळूहळू सर्वांच्या आवाक्यात आलं.

माती मात्र बदलली नाही. काळीवर बांधलेलं घर आजही पावसाळ्यात-उन्हाळ्यात हलतं आणि भिंतीला तडे जातात. दरवर्षीचा स्वस्त चुना ते बारीक तडे आपोआप बुजवायचा. पाच-सात वर्षांसाठी लावलेला महागडा रंग ते तसेच दाखवतो, आणि जुन्या मातीच्या भिंतीवर चढवला तर आत ओल कोंडून पोपडे धरतो. म्हणून छटांची तुलना मोबाइलवर करू नका. भिंत कशाची आहे आणि ओल कुठून येते ते आधी बघा. मग दोन-तीन रंगांचे हातभर पट्टे भिंतीवरच मारा आणि सकाळी, भर दुपारी खिडकी लावून, रात्री ट्यूबलाइटमध्ये असे तीनदा पाहा. आणि घरातल्या आजीला निळाच हवा असेल, तर तो 'आउटडेटेड' आहे म्हणण्याआधी तिला का हवा ते विचारा. त्या उत्तरासाठी शेड कार्डावर नंबर नसतो.