पाचवीच्या उंबरठ्यावर : उच्च प्राथमिक वर्गांचे नियम, अपेक्षा आणि त्यांच्या मर्यादा

गावातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत चार वर्षे शिकलेले मूल दहाव्या वर्षी हायस्कूलच्या पाचवीत जाते, तेव्हा त्याच्या आयुष्यात एकाच दिवशी बरेच काही बदलते. कालपर्यंत एक किंवा दोन शिक्षक होते. त्यांना त्याचे घर, आजीचे दुखणे, धाकट्या भावाचा खोडकरपणा सारे ठाऊक असे. आज घंटा वाजली की शिक्षक बदलतात. प्रत्येकाची वही निराळी, वहीला घालायच्या कव्हराचा रंग निराळा, उत्तर देण्यासाठी हात वर करायची रीतही निराळी. गोव्यात बहुतेक मुलांच्या बाबतीत याच दिवशी शिक्षणाचे माध्यमही मराठी किंवा कोकणीवरून इंग्रजी होते. शाळेचे नियम छापलेली डायरी मुलाच्या हाती पडते तीही इंग्रजीत. म्हणजे ज्या नियमांनी त्याची पारख व्हायची, तेच त्याला वाचता येत नाहीत. उच्च प्राथमिक वर्गातील शिस्तीचा विचार इथून सुरू करावा लागतो.

प्रथम संज्ञा स्पष्ट करून घेऊ. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. त्याच्या दृष्टीने पहिली ते पाचवी हा प्राथमिक आणि सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक टप्पा होय. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसरी ते पाचवीला पूर्वतयारीचा आणि सहावी ते आठवीला मधला टप्पा म्हटले आहे. गोव्याची प्रत्यक्ष रचना मात्र या दोन्हींहून थोडी वेगळी आहे. येथे प्राथमिक शाळा चौथीला संपते आणि पाचवी ही हायस्कूलच्या इमारतीत, हायस्कूलच्या घंटेवर चालते. कागदावर प्राथमिक असलेले मूल व्यवहारात माध्यमिक शाळेच्या शिस्तीखाली येते. पुढे जे लिहिले आहे ते या पाचवी ते आठवीच्या चार वर्गांना धरून.

या फरकाचे परिणाम साध्या आकड्यांतही दिसतात. कायद्याच्या परिशिष्टानुसार पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावे; सहावी ते आठवीसाठी हे प्रमाण २२० दिवस आणि १००० तास आहे. शिक्षकामागे विद्यार्थी किती असावेत याचे प्रमाण पाचवीपर्यंत ३०, तर पुढे ३५ असे आहे. शिक्षकाने आठवड्याला पूर्वतयारी धरून ४५ तास काम करावे, असेही तेथे म्हटले आहे. पालकांना ही शेवटची गोष्ट सहसा माहीत नसते.

हजेरी आणि वेळ याबाबत फार लिहिण्याची गरज नाही. शाळा वेळेवर भरते आणि मुलांनी वेळेवर यावे हे सगळ्यांनाच मान्य आहे. एवढेच ध्यानात ठेवावे की गावातली शाळा चालत जाण्याच्या अंतरावर होती, हायस्कूल बसच्या अंतरावर असते. पावसाळ्यात बस चुकली म्हणून उशिरा आलेल्या मुलाला वर्गाबाहेर उभे केले, तर शिक्षा बसच्या वेळापत्रकाची भोगतो तो मुलगा. उशिराचे कारण नोंदवून घ्यावे, आठवड्यात दोनदा असे घडले तर घरी विचारणा करावी. मुलाचा पहिला तास मात्र बुडवू नये.

गृहपाठाचे गणित

खरी ओढाताण होते ती गृहपाठात. केंद्र सरकारच्या २०२०च्या शालेय दप्तर धोरणात गृहपाठाची मर्यादा स्पष्ट दिलेली आहे. दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा, तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तासांचा असावा, आणि सहावी ते आठवीला रोज फार तर एक तासाचा, म्हणजे आठवड्याला पाच-सहा तासांचा. पाचवीच्या मुलासाठी आठवड्याला दोन तास म्हणजे शाळेच्या दिवसाला जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे. कोणत्याही पालकाने आपल्या घरचे घड्याळ पाहावे. हिशेब कुठे चुकतो ते कळेल.

हा हिशेब कोणी मुद्दाम चुकवत नाही. गणिताचे शिक्षक पाच उदाहरणे देतात, इंग्रजीचे दहा वाक्ये, विज्ञानाचे एक आकृती, हिंदीचे एक पान शुद्धलेखन. प्रत्येकाच्या दृष्टीने ते पंधरा-वीस मिनिटांचेच काम असते. चौघांची बेरीज कोणीच करत नाही, कारण प्राथमिक शाळेत ती एकाच शिक्षकाच्या डोक्यात आपोआप होत असे आणि इथे ते डोके चार जागी वाटले गेले आहे. यावर उपाय अगदी साधा आहे. फळ्याचा उजवा कोपरा दिवसभर पुसू नये. दिलेला गृहपाठ आणि त्याला लागणारी अंदाजे मिनिटे प्रत्येक शिक्षकाने तेथे लिहावीत. पाचव्या तासाला येणाऱ्या शिक्षकाला एका नजरेत कळते की आज मुलांच्या पदरात किती पडले आहे. याला परिपत्रक लागत नाही, खर्चही नाही.

आणखी एक बाब घराच्या बाजूची. माध्यम बदललेल्या मुलाच्या घरी इंग्रजीतून विज्ञान समजावून देणारे कोणी असेलच असे नाही. पालकाच्या मदतीशिवाय पुरा होत नाही तो गृहपाठ मुलाला दिलेला नसतो, तो घराला दिलेला असतो. आणि मग तो शिकवणीच्या बाईंकडे जातो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ने शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई केली आहे. पण गृहपाठाची रचनाच अशी ठेवायची की शिकवणीवाचून चालू नये, हा त्याच दुखण्याचा दुसरा चेहरा म्हणावा लागेल.

दप्तराविषयी त्याच धोरणात मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून दप्तर जड नसावे असे म्हटले आहे. पाचवीसाठी १.७ ते २.५ किलो, सहावी-सातवीसाठी २ ते ३ किलो आणि आठवीसाठी २.५ ते ४ किलो ही मर्यादा आहे. या विषयाला जुना इतिहास आहे. कादंबरीकार आर. के. नारायण यांनी १९८९ मध्ये राज्यसभेतील आपल्या पहिल्या भाषणात दप्तराच्या ओझ्याचा प्रश्न मांडला, आणि पुढे प्रा. यशपाल समितीने १९९३ मध्ये ओझ्याविना शिक्षणासंबंधीचा अहवाल दिला. तीन दशकांनंतरही मुलांचे खांदे फारसे हलके झालेले नाहीत. शाळेत पिण्याचे पाणी खात्रीचे असेल तर एक लिटरची बाटली, म्हणजे एक किलो, तिथल्या तिथे कमी होते. पाचवीच्या दप्तरात हा वाटा जवळजवळ निम्मा ठरतो.

नियम कोणी करायचे

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुले गोट्या खेळताना नियम कसे पाळतात, कसे मोडतात आणि वाद झाला तर कसे मिटवतात, याचा बारकाईने अभ्यास केला व १९३२ मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला. त्यांचे निरीक्षण थोडक्यात असे : लहान मुलाला नियम हा मोठ्यांकडून आलेला, न बदलणारा वाटतो, दहा-अकराच्या सुमारास त्याला उमगू लागते की नियम म्हणजे खेळणाऱ्यांनी आपसांत केलेला करार, आणि सगळ्यांची संमती असेल तर तो बदलताही येतो. हे वय नेमके आपल्या पाचवी-सहावीचे आहे. ज्या वयात मूल नियम करण्याची जबाबदारी पेलू लागते, त्याच वयात आपण त्याच्या हाती पन्नास नियमांची छापील यादी देतो आणि खाली पालकाची सही घेतो.

वर्गाचे नियम थोडे असावेत, पाच-सहाच. आणि ते वर्गातच बसून ठरावेत. ‘गोंगाट करू नये’ असे लिहिण्यापेक्षा ‘एक जण बोलत असताना बाकीचे ऐकतील’ हे मुलांना लवकर कळते, कारण त्यात काय करायचे ते सांगितलेले असते. नियम मराठीत किंवा कोकणीत बोलून ठरवावेत, मग हवे तर इंग्रजीतही लिहावेत आणि भिंतीवर दोन्ही लावावेत. पहिला महिनाभर तरी ‘तुला सांगितले होते ना?’ हे वाक्य शिक्षकाने बाजूला ठेवावे. सांगितले होते हे खरे. कळले होते का, हा प्रश्न उरतो.

भाषेचा एक नियम मात्र स्वतंत्रपणे पाहावा लागतो. शाळेच्या आवारात इंग्रजीच बोलायचे, चुकून कोकणी-मराठी बोलले तर दंड किंवा डायरीत शेरा, हा प्रकार ऐकिवात नसलेला पालक विरळाच. प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमावरून गोव्याने १९९०चे अनुदान धोरण पाहिले, २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान देण्याच्या निर्णयावरून झालेले आंदोलनही पाहिले. त्या वादात कोण कोणत्या बाजूला होते हे येथे अप्रस्तुत. परंतु पोट दुखते आहे हे सांगण्यासाठी दहा वर्षांच्या मुलीला आधी वाक्य भाषांतरित करावे लागत असेल, तर तो नियम शिस्तीचा राहत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९नुसार शक्य तेथवर माध्यम मातृभाषेचे असावे आणि मुलाला भय, आघात व चिंता यांपासून मुक्त राहून आपले मत मोकळेपणाने मांडता यावे. इंग्रजी शिकवण्याची हौस या तरतुदीच्या आड येत नाही. मातृभाषेला शिक्षा मात्र येते.

याच वयात काही मुलींना मासिक पाळी सुरू होते. ‘तास चालू असताना स्वच्छतागृहात जायचे नाही’ हा नियम ज्यांनी केला त्यांनी याचा विचार केलेला नसतो. परवानगी मागायची खूण ठरवून द्यावी. कारण विचारू नये.

शिक्षा आणि नापास

कायदा सर्वांत स्पष्ट बोलतो तो शिक्षेबाबत. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई करते. मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाई होऊ शकते. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचना याचा अर्थ उलगडून सांगतात. बाकावर उभे करणे, गुडघ्यांवर बसवणे, कान धरायला लावणे ही शारीरिक शिक्षाच होय. आणि वर्गासमोर टोमणे मारणे, आळशी किंवा मठ्ठ म्हणणे, वडिलांच्या व्यवसायावरून वा जातीवरून हिणवणे हा मानसिक छळ होय. छडी बऱ्याच वर्गांतून गेली. टोमणा गेलेला नाही, आणि तो मारणाऱ्याला अनेकदा आपण शिक्षा करतो आहोत याची जाणीवही नसते.

गोव्यात याला आणखी एक आधार आहे. २००३च्या गोवा बाल कायद्याने, म्हणजे केंद्राच्या कायद्याच्या कितीतरी आधी, शाळांमधील शारीरिक शिक्षेवर बंदी घातली. हे महत्त्वाचे अशासाठी की सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये प्रमती संस्थेच्या खटल्यात अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू नाही असा निर्णय दिला. २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून प्रकरण मोठ्या पीठाकडे जावे असे सुचवले. परंतु गोव्यातील मोठ्या संख्येच्या शाळा अल्पसंख्याक संस्थांच्या असल्याने, ‘आमच्याकडे तो कायदा लागू नाही’ असे कोणी म्हणाले तरी राज्याचा स्वतःचा कायदा मुलाच्या पाठीशी उभा राहतो.

‘नापास करीन’ ही धमकीही तपासून घ्यावी. मूळ कलम १६ने आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात ठेवण्यास मनाई होती. २०१९च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीच्या अखेरीस परीक्षा आली. अनुत्तीर्ण झाल्यास जादा शिकवणे आणि दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी देणे बंधनकारक आहे. त्यानंतरही त्याच वर्गात ठेवायचे की नाही हे संबंधित सरकारने ठरवायचे. सहावी आणि सातवीला हा बदल लागू नाही. कोणत्याही कारणाने मुलाला आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढून टाकता येत नाही, हा भाग २०१९नंतरही तसाच आहे.

मग चुकलेल्या मुलाचे करायचे काय? वही विसरली तर त्याच दिवशी सुट्या कागदावर लिहून घ्यावे आणि घरी चिकटवायला सांगावे. बाक खरडला तर तो त्यानेच पुसावा. मित्राला मारले तर दोघांचेही ऐकून घ्यावे, वर्गासमोर नव्हे. चूक आणि तिची भरपाई यांत मुलाला संबंध दिसला पाहिजे. शंभर वेळा एकच वाक्य लिहिण्यात तो दिसत नाही, अक्षर मात्र बिघडते.

पालकांची भेट घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणे हे कलम २४नुसार शिक्षकाचे कर्तव्य आहे. पालक-शिक्षक संघाची पहिली बैठक बहुधा शुल्क, गणवेश आणि स्नेहसंमेलनात संपते. त्या बैठकीत तीन प्रश्न विचारता येतील : गृहपाठाची बेरीज कोण करते, वर्गाचे नियम मुलाला कोणत्या भाषेत समजावले, आणि ते मोडले तर नेमके काय होते. २०२५पासून सहावीपुढील वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागल्याने ही बैठकही लवकर मागून घ्यावी.

तक्रार आलीच तर प्रथम वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग म्हापसा, पणजी किंवा मडगाव येथील विभागीय शिक्षण कार्यालय आणि शेवटी पर्वरीचे शिक्षण संचालनालय असा क्रम धरावा. लेखी द्यावी, तारीख घालावी, पोच घ्यावी. मूल घाबरलेले असेल आणि थांबण्यासारखी स्थिती नसेल, तर १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तो मूल स्वतःही फिरवू शकते.