चारधामचा रस्ता: गाडीनं जाणाऱ्यांनी वाचावी अशी दोनशे वर्षांची गोष्ट

मंडळी, अक्षय्य तृतीया जवळ आली की गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच चर्चा सुरू होते. यंदा चारधाम, तेही स्वतःच्या गाडीनं! किती किलोमीटर, डिझेल किती लागेल, मुक्काम कुठं, हेलिकॉप्टरचं बुकिंग कधी सुटतं, सगळं विचारून होतं. पण म्हातारे आईवडील आणि लेकरं घेऊन ज्या रस्त्यानं जायचं, त्याचा इतिहास कुणी विचारत नाही. आज तोच सांगतो. पोस्ट मोठी आहे, पण जाणार असाल तर पूर्ण वाचा.

पूर्वी हरिद्वार-ऋषीकेशच्या पुढं पायवाट होती. आपल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी बद्री-केदारच्या यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, त्या याच काळात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ट्रेल नावाच्या इंग्रज कमिशनरनं ही वाट नीट बांधून घेतली. वाटेत दर काही मैलांवर 'चट्टी' असायची. चट्टी म्हणजे साधी छपराची जागा आणि दुकान. दुकानदाराकडून पीठ-डाळ घ्यायची, राहायला जागा आणि स्वयंपाकाला भांडी फुकट. चालवत नाही त्यांच्यासाठी कंडी, म्हणजे माणसाच्या पाठीवरची टोपली.

हे दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. पटकीची साथ आली की वाटेवर माणसं मरत. यात्रेला निघालेल्याला गाव वेशीपर्यंत पोचवायला जायचं ते उगाच नाही. सुखरूप परत आला की मावंदं घालायचं, तेही त्याचसाठी. पण एक गोष्ट होती. महिनाभर चालत माणूस हळूहळू वर चढायचा, शरीराला थंडीची आणि विरळ हवेची सवय व्हायची. आभाळ फाटलं तर चट्टीवर चार दिवस थांबायचा. घाई कुणालाच नव्हती.

आता १८९३ ची गोष्ट. अलकनंदेला मिळणाऱ्या बिरही नदीत गोहना गावाजवळ अख्खा डोंगर घसरला. नदी अडली आणि मोठा तलाव तयार झाला. सरकारी इंजिनिअरनं पाहणी करून सांगितलं, पुढच्या पावसाळ्यात पाणी बांध ओलांडणार. मग काय केलं? तलावापासून खाली हरिद्वारपर्यंत तारेची लाईन टाकली आणि नदीकाठची वस्ती वर हलवली. ऑगस्ट १८९४ मध्ये बांध फुटला. श्रीनगर (हे गढवालमधलं, काश्मीरचं नव्हे) वाहून गेलं. माणसं दगावली पाच. तीही एका फकिराच्या कुटुंबातली, बाहेर काढल्यावर पुन्हा तिथंच परतलेली. ना मोबाईल, ना उपग्रह. वेळेवर निरोप गेला आणि लोकांनी तो ऐकला, एवढंच.

मोटाररस्ता खऱ्या अर्थानं वर चढला तो १९६२ च्या चीन युद्धाच्या आसपास. सीमेवर फौज आणि रसद पोचवायची होती. म्हणजे आपण ज्याला यात्रेचा रस्ता म्हणतो, तो मोठा झाला लष्कराच्या गरजेतून. त्यासाठी डोंगर फोडले, त्याच वर्षांत ठेकेदारांनी जंगलंही तोडली. जुलै १९७० मध्ये अलकनंदेला महापूर आला आणि बेलाकुची इथं प्रवासी बसगाड्या वाहून गेल्या. त्या पुरानं गढवालच्या बायकांना झाड आणि दरड यांचा संबंध शिकवला. मार्च १९७४ मध्ये रैणी गावात गौरादेवी आणि त्यांच्या सोबतिणी झाडांच्या आड उभ्या राहिल्या, ते चिपको आंदोलन आपण शाळेत वाचलंय.

१९७६ मध्ये मिश्रा समितीनं लिहून दिलं की जोशीमठ पक्क्या खडकावर नाही, जुन्या दरडीच्या मातीवर वसलंय, तिथं जड बांधकाम नको. जोशीमठ म्हणजे बद्रीनाथच्या वाटेवरचं शेवटचं मोठं गाव. अहवाल कपाटात गेला. हॉटेलं उभी राहिली, मजल्यावर मजले चढले. जानेवारी २०२३ मध्ये घरांना तडे गेले आणि लोकांना घरं सोडावी लागली.

मधे जून २०१३ येऊन गेला. १६ आणि १७ तारखेला तुफान पाऊस, केदारनाथच्या वरचा चोराबारी तलाव फुटला, रामबाडा नावाचा मुक्कामच नाहीसा झाला. पाच हजारांवर माणसं गेली. वर नेमके किती यात्रेकरू आहेत, याचा आकडासुद्धा शासनाकडे नव्हता. नोंदणी सक्तीची झाली ती त्यानंतर.

तरी २०१६ मध्ये सुमारे ९०० किलोमीटर रस्ता रुंद करायची योजना आली. कामाचे १०० किलोमीटरपेक्षा लहान ५३ तुकडे पाडले, म्हणजे पूर्ण पर्यावरण तपासणीची गरजच उरली नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये रुंदी साडेपाच मीटर ठेवायला सांगितलं. सीमेच्या संरक्षणाचा मुद्दा आला आणि डिसेंबर २०२१ मध्ये दुपदरी रुंदीला परवानगी मिळाली. सीमेवरच्या जवानाला रस्ता लागतो, हे मान्यच. पण उभा कापलेला डोंगर फौजेची गाडी आणि आपली गाडी असा फरक करत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच योजनेच्या सिलक्यारा बोगद्यात ४१ कामगार १७ दिवस अडकले होते. सगळे सुखरूप निघाले, हे नशीब आणि बचाव पथकांची मेहनत.

आता आपल्यापुरतं. २०२३ च्या हंगामात पन्नास लाखांवर लोक चारधामला गेले. महिनाभराची वाट आपण दहा-बारा दिवसांत बसवली. हॉटेलचे पैसे भरलेले, परतीची तारीख ठरलेली, सुट्टी संपत आलेली. मग हवामान खात्याचा इशारा येतो आणि ड्रायव्हरला आपणच म्हणतो, "चल रे, काही होत नाही." १८९४ मध्ये लोक निरोप ऐकून वर सरकले. आज निरोप खिशातल्या मोबाईलवर येतो आणि ऐकायला वेळ नसतो.

जायला कुणाची ना नाही, जरूर जा. पण वेळापत्रकात तीन दिवस मोकळे ठेवा. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, म्हाताऱ्या माणसांना खाली एक-दोन मुक्काम करूनच वर न्या. नोंदणी करा. अंधार पडल्यावर घाटात गाडी घालू नका. घाटात पोलिसांनी थांबवलं तर ओळखी सांगून वाद घालू नका, थांबा. आणि दर्शन राहिलं म्हणून मागं फिरावं लागलं तरी घरी मावंदं घाला. आम्ही जेवायला येऊ.

जाणाऱ्या नातेवाइकांना ही पोस्ट पाठवा.