शब्द देवाचा, कात्री मालकाची

बायबलातले अक्षर न् अक्षर देवाचे, त्यात चूक नाहीच, असे सांगणाऱ्याला १८०७ साल विचारा. त्या वर्षी लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी ‘निवडक’ बायबल छापले. मोशे इस्राएली गुलामांना मिसरातून सोडवतो, ती कथाच गाळली. दास आणि स्वतंत्र हा भेद मिटवणारे पौलाचे वचनही गायब. दासांनी धन्याचे ऐकावे, हे मात्र शाबूत! ग्रंथ अचूक, मग कात्री कशाला?

अमेरिकेत कात्रीचीही गरज पडली नाही. दक्षिणेतल्या पाद्र्यांनी अख्खे बायबल हाती धरूनच गुलामी समर्थिली. (बाबासाहेबांनी १९३६ साली शास्त्रांच्या प्रामाण्यावरच घाव का घातला, ते इथे कळते.) गुलाम बाळगणारा मिशनरी चालेल का, या वादातून १८४५ साली सदर्न बाप्टिस्ट वेगळे झाले. त्यांनी माफी मागितली १९९५ साली.