पिंपरीच्या मातीतले औषध

तान्ह्या बाळाच्या जिभेवरचा सायीसारखा पांढरा थर पुसला जात नसेल, तर तो बहुधा कॅन्डिडा या यीस्टचा असतो. धडधाकट बाळात तो सहसा तोंडापुरताच राहतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा मात्र नाजूक, प्रतिकारशक्ती तोकडी. त्यात शिरेत नळी. मग यीस्ट रक्तात शिरून जिवावर बेतते. प्रतिजैविकांनी जिवाणू मरतात, यीस्ट मरत नाही. उलट त्याला रान मोकळे मिळते.

सोलापूरहून रेल्वेने मुंबईला जाताना पुण्यापुढे पिंपरी लागते. तेथील हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सच्या कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिन बनू लागले. जिवाणूंवरचे औषध करणाऱ्या याच संस्थेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार व सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ या मातीतील जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळवले. अमेरिकेत १९५० मध्ये एलिझाबेथ हेझन व रेचल ब्राउन यांनी शोधलेल्या निस्टॅटिनच्याच कुळातले हे औषध.

ही औषधे यीस्टच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलला चिकटतात आणि पटल फुटके होते. आपल्या पेशीपटलात त्याच्यासारखेच कोलेस्टेरॉल असते. म्हणून तोंडात, त्वचेवर चालणारे औषध रक्तात देणे अवघड. त्याच कुळातले अँफोटेरिसिन-बी शिरेतून देता येते, पण मूत्रपिंडे जपावी लागतात. यीस्ट हे जिवाणूंपेक्षा आपले जवळचे नातलग. अडचण तेथेच आहे. म्हणून बाळाला हात लावण्यापूर्वी हात धुणे आणि गरजेपुरतीच प्रतिजैविके देणे, याला आजही पर्याय नाही.